पहिली सीडी घासलेली, तिसरी कोरी

दुकानदारकाकांना विचारा : प्रश्न वाचकांचे, उत्तरं काकांची

मागच्या अंकात बोलता बोलता लिहून गेलो की डोंबिवलीच्या माझ्या सीडी लायब्ररीत सगळ्यात जास्त हात लागलेला सेट 'दिल चाहता है'चा होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घ्यायची सोयच राहिली नाही.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आकाश (आमिर खान), समीर (सैफ अली खान) आणि सिद्धार्थ ऊर्फ सिड (अक्षय खन्ना) हे मुंबईतले तीन मित्र नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेत. आकाशला प्रेम म्हणजे थोतांड वाटतं, समीर उठसूट प्रेमात पडतो, सिड चित्रं काढतो आणि कमी बोलतो. हा सिड वयानं बऱ्याच मोठ्या, घटस्फोटित, दारूत बुडालेल्या ताराच्या (डिंपल कपाडिया) प्रेमात पडतो. आकाश त्यावर चेष्टा करतो, सिड त्याच्या थोबाडीत मारतो आणि तिघांची फाटाफूट होते. ऑगस्ट २००१ मध्ये आलेला हा फरहान अख्तरचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. तेव्हा त्याचं वय २७. शेवट सांगितल्याशिवाय मला उत्तरं देता येणार नाहीत, तेव्हा ज्यांना तो आधी कळायला नको त्यांनी पान उलटावं.

काका, तुम्ही एवढं कौतुक करता, पण मला तो सिनेमा कधी आपला वाटला नाही. बापाच्या पैशावर गाडी, गोवा, ऑस्ट्रेलिया. २००१ साली आम्ही बी.कॉम. होऊन नोकरीसाठी चपला झिजवत होतो.
— एक वाचक, जळगाव

तुमचं बरोबर आहे. त्या सिनेमात एकही माणूस नोकरीचा अर्ज भरताना दिसत नाही. आकाश काही करत नाही म्हणून आईवडील त्याला धंदा बघायला सिडनीला पाठवतात, आणि तो तोंड पाडून जातो! आपल्याकडे असल्या पोराला फार तर मामाच्या दुकानात बसवतात. सिनेमा चालला तोही शहरांत, लहान गावांत त्याची डाळ शिजली नाही. माझी गिऱ्हाइकंसुद्धा ठरलेली होती: इंजिनिअरिंगची पोरं, कॉल सेंटरला रात्रपाळी करणारे, आणि ओठाखाली आमिरसारखा केसांचा ठिपका ठेवलेले सगळे. रिक्षास्टँडवरचा एक जण हौसेनं सेट घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर ठेवत म्हणाला, "शेठ, यात मारामारीच नाही."

मी म्हटलं, "एक थोबाडीत आहे की."

"ती पण मित्रालाच!" म्हणाला आणि बदल्यात दुसरी सीडी घेऊन गेला.

आता मी सांगतो ते ऐका. गाडी, ऑस्ट्रेलिया, भारी कपडे सगळं बाजूला काढा आणि काय उरतं ते बघा. तीन पोरं एकमेकांची टर उडवत बसलेली उरतात. त्याला पैसे लागत नाहीत, कट्टा लागतो. तोवर हिंदी सिनेमातले मित्र एकमेकांसाठी गोळी झेलायचे, नाहीतर दोघांचं एकाच मुलीवर प्रेम असायचं आणि एक जण त्याग करून मरायचा. हे तिघं तसलं काही करत नाहीत, नुसती टिंगल करतात. तुमचे मित्र तरी दुसरं काय करायचे? गोळी झेलायची वेळ जळगावातही सहसा येत नाही.

आकाश असं काय मोठं बोलला की सिडनं थेट हात उचलला? आमच्या ग्रुपमध्ये याच्या दसपट वाईट बोलतात. मला तर सिडच जरा जास्त हळवा वाटला.
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

तू विचारलंस ते बरं केलंस. मला या सिनेमात बोलायचं असतं ते इथंच.

थोबाडीत बसायच्या आधी काय काय होतं ते क्रमानं आठव. कॉलेज संपल्याच्या पार्टीत आकाश शालिनी नावाच्या मुलीपुढे गुडघ्यावर बसून प्रेमाचं नाटक करतो, आणि तिच्याशी लग्न ठरलेला रोहित त्याला ठोसा लावतो. आपण हसतो. गोव्यात समीर एका स्विस मुलीसाठी मागे राहतो आणि ती त्याला लुटून पसार होते. आपण पुन्हा हसतो, ते दोघे मित्रही हसतात. म्हणजे तासाभराहून जास्त वेळ दिग्दर्शकानं आपल्याला एकच सवय लावलीय: आकाशनं तोंड उघडलं की हसायचं.

मग एका रात्री सिड सांगतो की त्याचं तारावर प्रेम आहे. हा तोच सिड, जो आपली चित्रं जवळच्या मित्रांपुढेही फारशी मांडत नाही. तारा सामान घेऊन शेजारी राहायला येते, हा तिला मदत करतो, तिची नजर त्याच्या चित्रांवर जाते, आणि त्याला काय म्हणायचं आहे ते तिला न सांगता कळतं. एवढंच त्यांच्यात झालेलं असतं. मित्रांना सांगताना तो पहिल्यांदाच स्वतःबद्दल काही बोलतो. आणि आकाश काय करतो? जे नेहमी करतो तेच. बाई मोठी, घटस्फोट झालेली, अनुभवी, मजा आहे बुवा तुझी, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. सूर तोच, चेहरा तोच, डोळ्यांतली चमकसुद्धा तीच. हेच वाक्य तो गोव्यातल्या त्या मुलीबद्दल समीरला बोलला असता तर समीर आधी हसला असता.

मी हा सिनेमा ठाण्याला जाऊन पाहिला होता. त्या वाक्यावर थिएटरात हशा सुरू झाला आणि अर्ध्यातच बंद पडला. लोकांना कळेना की आपण हसलो ते बरोबर की चूक. आधी धोक्याचं संगीत नाही, चेहऱ्यावर कॅमेरा आदळत नाही, काही नाही. विनोदी सिनेमात मध्यंतरानंतर रडारड घालायची ही आपल्याकडची जुनी रीत, म्हणजे अर्धं ताट गोड आणि अर्धं तिखट. इथं तसं केलेलं नाही. ज्या चेष्टेवर मैत्री उभी होती तिच्यामुळेच ती मोडते. पटकथा लिहिणाऱ्याचं कसब म्हणतात ते हे, आणि फरहानला त्या पटकथेचं फिल्मफेअर मिळालं तेव्हा माझ्या दुकानात कुणी नाक मुरडलं नाही. एरवी फिल्मफेअरवर माझ्या गिऱ्हाइकांचं एकमत कधी झालेलं मला आठवत नाही.

आता दुकानातली एक गोष्ट सांगतो. एका व्हीसीडीत सवा तासाच्या आसपास मावायचं, आणि हा सिनेमा तीन तासांचा, म्हणून सेट तीन सीड्यांचा. पहिलीत कॉलेज, पार्टी, धमाल. ती सीडी उजेडात धरली की चरे सूर्यकिरणांसारखे पसरलेले दिसायचे, कारण थर्टी फर्स्टला, वाढदिवसाला, गोव्याला निघायच्या आदल्या रात्री पोरं तेवढीच लावायची. तिसरीत हॉस्पिटल, ताराचं जाणं. ती आरशासारखी कोरी. एक मुलगी मात्र यायची ती फक्त तिसरी न्यायला. भाडं पुरं द्यायची, पहिल्या दोन काउंटरवरच ठेवायची. मी का म्हणून विचारलं नाही. दुकानदारानं विचारू नये.

तुमच्या ग्रुपमध्ये दसपट वाईट बोलतात म्हणतोस. बोलू देत, शब्दांचं काही नाही. पण त्या ग्रुपमध्ये आजवर कुणी स्वतःचं खरंखुरं काही सांगितलंय का, ते जरा आठवून बघ. सांगितलं नसेल, तर तुमच्या चेष्टेची अजून परीक्षाच झालेली नाही.

तिघांपैकी तुमचा आवडता कोण? आमच्या भिशीत यावरून वाद झाला. बहुमत अक्षय खन्नाला.
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

बहुमताचा मान राखून सांगतो बाई, माझं मत समीरला.

सिडवर सगळ्यांचा जीव जडतो, कारण तो सोसतो. आकाश बदलतो, सिडनीत एकटा पडतो, ऑपेरात शालिनी त्याला डोळे मिटून आपल्या प्रेमाच्या माणसाचा चेहरा आठवायला सांगते आणि त्याला तिचाच दिसतो. त्या दोघांना मोठी मोठी दृश्यं मिळालीत. समीरच्या वाट्याला गमतीजमती. सैफला फिल्मफेअरही विनोदी भूमिकेचंच मिळालं.

पण सिनेमा सुरू होतो कुठं ते आठवा. हॉस्पिटलात. ताराला आणलंय, सिड बसलाय आणि त्याच्याजवळ समीर आहे. आकाश नाही. तिघांच्या मैत्रीत दोघांचं फाटलं की तिसऱ्याचे जे हाल होतात ते कुणी लिहीत नाही. याच्याशी बोलताना त्याचं नाव काढायचं का, त्याच्याकडे याची खुशाली सांगायची का, लग्नाला दोघांनाही बोलवायचं तर टेबलं किती लांब ठेवायची. दोघंही याच्याकडेच कुरकुर करणार, आणि यानं एकाची बाजू घेतली की सगळं संपलं. समीर कुणाचीच बाजू घेत नाही आणि कुणालाच सोडत नाही. आयुष्यभर ज्याची टर उडवली त्याच्याच अंगी ही चिवटाई निघाली. तुम्ही इतकी वर्षं वर्गात पोरं पाहिलीत, असा एखादा समीर तुम्हालाही आठवत असेल. पहिल्या बाकावरचा नसेल, एवढं मी पैजेवर सांगतो.

डिसेंबरात आम्ही तिघं मित्र गोव्याला जातोय. 'दिल चाहता है'वाल्या किल्ल्यावर जावं का? नेमका कुठं आहे? फोटो चांगले येतात का?
— एक वाचक, नाशिक

चापोऱ्याचा किल्ला. बारदेश तालुक्यात, वागातोरला लागून, चापोरा नदी समुद्राला मिळते तिथल्या टेकडीवर. आजची तटबंदी तांबड्या जांभ्या दगडाची. पोर्तुगिजांनी १७१७ मध्ये किल्ला नव्यानं बांधला. आत पाहण्यासारखं फार उरलेलं नाही, पण तटावरून एका बाजूला वागातोरचा किनारा आणि नदीपलीकडे मोरजीची वाळू दिसते, तेवढ्यासाठी चढ चढावा. चढ लहान आहे पण खडा आहे. सावली नाही. पाणी बरोबर न्या. पावसाळ्यात जाल तर जांभ्यावर पाय सटकतो. सूर्यास्ताला तिघं तटावर पाठमोरे बसून फोटो काढणार असाल तर रांग लावायची तयारी ठेवा, कारण तुमच्याआधी आणखी बरीच त्रिकुटं तेच करत असतात.

लोक ज्या दृश्यासाठी तिथं जातात त्यात बोलणं काय होतं, हे मात्र फार जणांच्या लक्षात नसतं. दर वर्षी इथं यायचंच असा बेत चाललेला असतो आणि सिड म्हणतो की पुढे एकमेकांना भेटणंसुद्धा अवघड होईल. ऐन सुट्टीत असलं अभद्र बोलणारा मित्र तुमच्या तिघांत असेल तर तो जपा. आणि हो, सिनेमात ते ज्या झोकात गाडी पळवत गोव्याला जातात, तसा मोकळा मुंबई–गोवा महामार्ग मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. नाश्त्याचं जवळ ठेवा.

सोनाली कुलकर्णीसारखी ताकदीची नटी घेतली आणि तिला गोड हसायला लावलं, याचा मला अजून राग आहे. आणि सगळे मैत्रीचे सिनेमे मुलग्यांचेच का?
— एक वाचक, पुणे

पहिल्या रागात मी अर्धाच सामील होतो. त्याआधी तिनं 'मुक्ता' केला होता, 'दोघी' केला होता, जब्बार पटेलांच्या आंबेडकरांवरच्या सिनेमात रमाबाई केली होती. त्या मानानं 'दिल चाहता है'तली तिची पूजा लहानच. पण लहान भूमिका नेटकी करणं सोपं नसतं. दोन्हीकडचे आईबाप समीर-पूजाची गाठ घालून देतात आणि ही दोघं ठरवतात की आपल्याला हे नको, आपण नुसते मित्र होऊ. त्या वेळचं तिचं सुटल्यासारखं हसणं बघा. तिचा आधीचा मित्र तो सुबोध, प्रेमसुद्धा घड्याळ लावून करणारा! त्याच्याबरोबर बसलेली असताना तिचा चेहरा बघा. आणि थिएटरात बसल्या बसल्या ती आणि समीर स्वतःला पडद्यावर पाहतात ते गाणं. आधी कृष्णधवल जमाना, मग सत्तरीचा, मग नव्वदीचा. प्रत्येक जमान्याची मुरड तिनं मानेतून आणि पदरातून अशी काही पकडलीय की नाव ते.

दुसऱ्या रागात मात्र पूर्ण सामील. शालिनी, पूजा आणि तारा या तिघी एका टेबलाशी बसून कधी बोलतच नाहीत. प्रत्येकीला एकेक पुरुष वाटून दिलाय. दुपारी दुकानात बायका यायच्या, "दोन मैत्रिणींचं काहीतरी द्या हो," म्हणायच्या, आणि मी फळीवर डावीकडून उजवीकडे हात फिरवत जायचो. ज्यात दोघी एकाच नवऱ्यावरून भांडत नाहीत असं काही पटकन हाताला लागायचं नाही. आता परिस्थिती बरी आहे, पण बरीच म्हणायची, चांगली नाही.

या सिनेमातली माणसं घरात बोलल्यासारखी बोलतात. त्याआधीच्या सिनेमात तसं का वाटत नाही?
— एक वाचक, बेळगाव

बरंचसं लिखाणामुळे, आणि थोडं ध्वनीमुळे. त्या काळी हिंदीत चित्रीकरण एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, अशी पद्धत होती. नट महिन्यांनी स्टुडिओत येऊन पडद्याकडे बघत ओठांना ओठ जुळवून तीच वाक्यं पुन्हा बोलायचे. शब्द स्वच्छ यायचे, पण मूळ प्रसंगातला श्वास निघून जायचा. 'दिल चाहता है'त आवाज सेटवरच घेतला, नकुल कामटे यांनी. म्हणून हसताना अर्धवट तुटलेलं वाक्य तसंच तुटलेलं राहतं. मित्रांच्या बोलण्यात निम्मं तर असलंच असतं. त्याच वर्षीच्या 'लगान'चा आवाजही त्यांनीच सेटवर घेतलेला. दोन्हींत आमिर, दोन्हींत उदित नारायण, आणि उदितजींना त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो या दोन सिनेमांतल्या एकेका गाण्यासाठी. 'दिल चाहता है'लाही हिंदीतल्या उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जाता जाता, संगीतकार शंकर–एहसान–लॉय हे नाव घरोघरी झालं ते याच सिनेमानं. त्यातले शंकर महादेवन चेंबूरचे. मराठी गायला लागले की अजून लोक चकित होतात, आम्ही डोंबिवलीकर होत नाही.

ओरिजिनल व्हीसीडी सेट घरात आहे, पण प्लेअर कधीच भंगारात गेला. तुम्ही विकत घ्याल का?
— एक वाचक, बदलापूर

घेणार नाही. माझ्याच माळ्यावर दोन खोकी आहेत आणि त्यावरून घरात रोज ऐकून घेतो. जुन्या कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह असेल तर त्यात घाला, आतल्या 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमधली मोठी फाइल व्हीएलसी नावाच्या प्लेअर सॉफ्टवेअरवर चालते. चरे असतील तर टूथपेस्ट चोळू नका, हा सल्ला कुणी काढला देव जाणे. मऊ सुती कापडानं मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका.

भाचा १२ वर्षांचा आहे. बदलीमुळे शाळा बदलली, मित्र नाहीत, घुम्यासारखा बसतो. त्याला 'दिल चाहता है' दाखवू का?
— एक मावशी, लातूर

नको, आठ-दहा वर्षं थांबा. 'किल्ला' दाखवा. अविनाश अरुण या मूळच्या कॅमेरामननं दिग्दर्शित केलेला आणि स्वतःच चित्रित केलेला हा पहिला सिनेमा. २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात लहान मुलांच्या विभागातलं क्रिस्टल बेअर त्याला मिळालं, आपल्याकडे तो थिएटरांत आला २०१५ मध्ये. चिन्मय अकरा वर्षांचा. वडील वारलेले, आईची (अमृता सुभाष) कोकणात बदली झालेली. तुमच्या भाच्याला सुरुवातीची दहा मिनिटं बघूनच वाटेल की हे आपलंच चाललंय.

त्यात बंड्या नावाचं कार्टं आहे, पार्थ भालेरावनं केलेलं. मागच्या बाकावरचं, तोंडाळ, आगाऊ. सगळा हशा त्याच्या वाट्याला. पोरं सायकलींची शर्यत लावून किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळायला लागतो, आणि चिन्मय आत एकटाच राहतो. बाकीचे निघून गेलेले. एवढंच घडतं. कुणाचा वाईट हेतू नसतो, पण त्या वयात मागे राहिलेल्याला हेतूशी काय देणंघेणं? तो धुमसत राहतो. आणि बंड्याला माफी मागता येत नाही, कारण बारा वर्षांच्या मुलग्याला ते येतच नाही. तो पुन्हा आपल्या माकडचेष्टा घेऊन येतो. कोल्हापूरच्या त्या विद्यार्थ्यानंही 'किल्ला' बघावा. आकाशची चेष्टा तोडते, बंड्याची सांधते, आणि दोघांनाही आपण नेमकं काय केलं याचा पत्ता नसतो.

मावशी, एक सांगतो. भाच्याबरोबर बसून बघा, पण सिनेमा संपल्यावर "मग, काय शिकलास?" असं विचारू नका. पुढच्या रविवारी वर्गातल्या एका पोराला जेवायला बोलवा म्हणावं. शेवटी चिन्मयच्या आईची पुन्हा बदली होते, तेव्हा भाचा रडला तर रडू द्या.

नाव छापू नका. वडील अतिदक्षता विभागात असताना माझ्या जिवलग मित्रानं ग्रुपवर त्यांच्या कंजूषपणावर एक विनोद टाकला. तो नेहमीच करायचा, वडीलही हसायचे. त्या दिवशी मी त्याला ब्लॉक केलं. वडील गेले. तो दिवसांना आला नाही, मी बोलावलंही नाही. आता काही वर्षं झाली. तुमचा मागचा लेख वाचून वाटलं, त्याला 'दिल चाहता है'ची क्लिप पाठवावी. पाठवू का?
— एक वाचक

क्लिप पाठवू नका. त्याला कळणार नाही की तुम्ही त्याला आकाश म्हणताय की स्वतःला सिड म्हणताय, आणि दोन्हींवर भांडण होऊ शकतं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत वाचलं: 'वडीलही हसायचे.' म्हणजे तो विनोद तुमच्या घरचाच होता. ज्या दिवशी केला तो दिवस वेगळा होता, आणि हे त्याला दिसलं नाही. आकाशचंही तेच. मला वाटतं, तुमचा मित्र दिवसांना आला नाही तो माजानं नव्हे. आपण गेलो तर दारातून परत पाठवतील, या भीतीनं माणसं येत नाहीत. मी दुकानात बसून अशी भांडणं खूप ऐकलीत. बंद पडण्यासाठी एक वाक्य पुरतं, आणि मग दोघंही दुसऱ्याच्या वाक्याची वाट बघत बसतात.

सिनेमात हे कसं मिटतं ते बघा, कारण लेखकाला तिथं मोठं भाषण घालायचा मोह झाला असता. आकाश हॉस्पिटलात येतो. बस. तारा जगत नाही. आकाश आल्यानं सिडचं दुःख कमी होत नाही, पण तो तिथं असतो. सिडही जुना हिशोब काढत नाही.

तुमच्यातला तिसरा कोण? प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला फोन करा आणि नुसतं विचारा, "तो कसा आहे?" तो तिसरा बरोबर ते तिकडे पोचवील, त्याला इतकी वर्षं तेवढंच काम होतं. मग पुढचा फोन तुमचा. फोनवर त्या विनोदाचा विषय काढू नका. वडिलांचा काढा. त्यांच्या कंजूषपणाचा एखादा किस्सा त्याच्याकडे असेल जो तुम्हालाही माहीत नाही, तो सांगायला लावा. आणि तरीही नाही जमलं, तर नाही जमलं. सगळ्या मैत्र्या परत मिळायलाच हव्यात असं काही नाही. तुमच्या रागालाही त्या दिवशी कारण होतंच.

'दिल चाहता है'चा दुसरा भाग यायला हवा का?
— एक वाचक, रत्नागिरी

तिघंही आता पन्नाशीला टेकलेले असणार. समीरचं पोट सुटलेलं, आकाशच्या ओठाखालचा ठिपका पांढरा. सिडचं मला सांगता येत नाही. तिघं एकत्र आल्यावर आता कशावर हसतात, आणि कशावर हसायचं टाळतात, एवढं बघायला मी तिकीट काढीन. फक्त त्यांना परत गोव्याला नेऊ नये. डिसेंबरात वागातोरला पार्किंग मिळत नाही.